वालबुर्गाचे तीन दिवस, ओटिलियाचे तीन दिवस

रविवार, ९ मार्च

ही वही उघडताना प्रथम क्षमा मागते. लिहिणे हे माझे काम नव्हे, माझे काम वाचण्याचे. शाळेत निबंधाला माझा पहिला क्रमांक येई, पण तो इतरांचे वाचलेले नीटनेटके मांडल्याबद्दल. स्वतःचे असे मी कधी काही लिहिले नाही. त्यातून ज्या विषयावर लिहायला बसले आहे तो माझा नाहीच. ती दुसऱ्या, आता हयात नसलेल्या बाईची मुलगी आहे. त्या बाईचा फोटो जिन्याच्या भिंतीवर आहे आणि वर जाताना रोज आमची दृष्टादृष्ट होते. तेव्हा क्षमा तिचीच मागावी हे बरे. लॉरेन, तुझ्या ॲग्नेसविषयी मी लिहीत आहे. मराठीत लिहीत आहे, म्हणजे या घरात ते कोणी वाचणार नाही, तूही नाही. यात थोडी लबाडी आहे, हे मान्य करते.

ॲगी अठरा वर्षांची झाली. दोन कॉलेजांनी तिला प्रवेश देऊ केला आहे आणि एक मेपर्यंत त्यांपैकी एकाला होकार कळवायचा आहे. सेंट वालबुर्गा आमच्या डुलुथहून अडीच तासांवर आहे, सेंट ओटिलिया नेब्रास्कात, नऊ तासांवर. एवढे सोडले तर दोन्ही जुळी भावंडे. बव्हेरियातल्या एकाच मठातून आलेल्या सिस्टरांनी ती स्थापन केली. तीच लाल वीट, तोच घंटेचा मनोरा, तेच ब्रीदवाक्य, आणि शुल्कातली सवलतही जवळपास तेवढीच. दोन्ही माहितीपुस्तिका मी शेजारी ठेवून वाचल्या आणि हातातली कुठली, हे दोनदा विसरले.

जेवताना माझा नवरा रुडी म्हणाला, "एकाच भट्टीतले दोन पाव. जवळचा उचला आणि खा."

"बाबा, मी पाव नाही निवडत आहे."

"मग नाणं उडव."

"तू जहाज असंच चालवतोस?"

"जहाज कॅप्टन चालवतो. मी नुसतं चाक धरतो. फार सुखाचं काम आहे बघ, सांगायचं दुसऱ्यानं, वळवायचं आपण."

ॲगीने माझ्याकडे पाहिले. "झी, तू सांग ना. तुला कुठलं आवडतं?"

मी म्हटले, दोन्ही सारखीच आवडतात. लॉरेन वालबुर्गाची विद्यार्थिनी होती. तिकडे बोट दाखवणे माझ्याकडून आगाऊपणाचे झाले असते आणि दुसरीकडे दाखवणे त्याहून वाईट.

वीस तारखेला रुडी जहाजावर जाईल. खनिजाची जहाजे सरोवरांतून जानेवारीपर्यंत ये-जा करतात, बंदरात लागली की तो काही तासांपुरता घरी येतो. एरवी घरात आम्ही दोघी. गेली सात वर्षे हे असेच चालले आहे. पुढल्या वर्षी कसे असेल, याचा विचार मी अजून केलेला नाही.

शनिवार, १५ मार्च

आज तिघे वालबुर्गाला जाऊन आलो. मी स्वतः ग्रंथालयात काम करते, त्यामुळे मला तिथले ग्रंथालय पाहायचे होते. पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर जुने शिक्के पाहत मी इतकी रमले की आम्हाला फिरवणारी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, प्रवेश तुम्ही घेताय की या?" ॲगी मनापासून हसली.

संगीतगृहाच्या भिंतीवर जुन्या गायकवृंदाचे फोटो आहेत. त्यांतल्या एकात लॉरेन आहे. मी मुद्दाम मागे राहिले, बापलेकींना तो क्षण स्वतंत्रपणे मिळावा म्हणून. ॲगी फोटोसमोर फार वेळ थांबली नाही. भावना अनावर होऊ नयेत म्हणून असेल. बाहेर येऊन तिने त्या विद्यार्थिनीला एकच प्रश्न विचारला, "शुक्रवारी डुलुथची बस असते का?" असते. या वयात एवढी व्यवहारी दृष्टी क्वचित दिसते.

परतीच्या वाटेवर मी सर्वांना ॲपल पाय खाऊ घातला. दिवस अकारण चांगला गेला.

गुरुवार, २० मार्च

रुडी गेला. निघताना त्याला विचारले, जहाजाच्या नोंदवहीत रोज काय लिहितात? तो म्हणाला, "तारीख, वेळ, काय झालं. कसं वाटलं ते कुणी विचारत नाही." मला ही पद्धत आदर्श वाटली. प्रयत्न करून पाहते. सकाळी, रुडी गेला.

एवढ्याने भागत नाही.

मंगळवार, २५ मार्च

ॲगीला सुट्टी आहे म्हणून ओटिलियाला आलो. गाडी दोघींनी आळीपाळीने चालवली. मठाच्या पाहुणघरात उतरलो आहोत.

दोन्ही कॉलेजांत भेद काय, हे शोधून काढण्याचा मी चंग बांधला होता. अंगणातला संत बेनेडिक्टचा पुतळा तोच, भोजनगृहातले सूपसुद्धा तेच, बटाटा आणि कांद्याची पात. मी सूप वाढणाऱ्या सिस्टरना विचारले, "वालबुर्गातही हेच सूप होते. मूळ कोणाचे?" त्या म्हणाल्या, "आमचं. त्या मीठ विसरतात." वालबुर्गात विचारले असते तर त्यांनीही हेच सांगितले असते, असा माझा तर्क आहे.

दुपारी आम्हाला विज्ञानशाखेच्या गच्चीवर नेले. तिथे वारा मोजायची यंत्रे आहेत आणि सूर्योदयापूर्वी वर चढून नोंद घेण्याची पाळी विद्यार्थ्यांवर असते. हवामानाचा अभ्यास वालबुर्गातही शिकवतात, त्यांची यंत्रे इमारतीमागच्या हिरवळीवर आहेत. म्हणजे इथेही भेद नाही. गच्चीवर वारा असा होता की मला माझेच बोलणे ऐकू येईना. मी लगेच खाली आले. ॲगी मात्र कठड्याला धरून उभीच राहिली. बराच वेळ झाला. आम्हाला फिरवणारा विद्यार्थी जिन्यात बसून मोबाइल पाहू लागला. उंचीच्या भीतीने माणूस असा जागच्या जागी थिजतो, हे मी वाचलेले आहे. खाली आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि ती कोणाशी बोलत नव्हती.

रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला इथून घरी यायचं म्हणजे दोन दिवस नुसते रस्त्यावरच जाणार."

बिचारीला हे ठिकाण रुचले नाही असे दिसते.

शुक्रवार, २८ मार्च

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातले सगळे शुक्रवार आमच्या चर्चच्या तळघरात मासळीच्या जेवणाचे. मी कोबीच्या कोशिंबिरीवर असते, ॲगी ताटे पोहोचवते आणि इर्माबाई सर्वांवर असतात.

"हात चालव गं झिटा! कोबी काय मंत्र म्हणून वाढतेस?"

रांगेत प्रत्येकाला ॲगीच्या कॉलेजाविषयी मत आहे. एक बाई म्हणाल्या, "वालबुर्गाच घे. माझ्या भाचीला तिथं नवरा मिळाला."

"तो तर तिनं परत पाठवला ना?" इर्माबाई म्हणाल्या.

"पाठवला. पण मिळाला तिथंच!"

फादर केसलर ताट घेऊन आले. हे येशूसंघी, म्हणजे जेझुइट धर्मगुरू आहेत. ऐंशीच्या पुढचे, पापनिवेदने ऐकायला दर उपवासकाळात मिलवॉकीहून येतात. त्यांनी ॲगीला विचारले, "अडलं कुठं?"

"दोन्ही सारखीच आहेत, फादर."

"मग डोक्याला सुट्टी दे. आमच्यात एक जुनी रीत आहे. तीन दिवस असं जगायचं की वालबुर्गा ठरलं. ठरवायचं नाही, ठरून गेलंय. कोणी विचारलं तर तेच सांगायचं. मग एक दिवस सोडायचा आणि तीन दिवस ओटिलिया. मन कधी हलकं होतं, कधी जड, तेवढंच बघायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं? उपवासकाळात?"

"ते पाप माझ्या नावावर टाक. आणि अजून एक तुकडा वाढ, तो जळका नको."

ॲगीने तुकडा वाढला. मग म्हणाली, "चेहऱ्यावर दिसतं का ते? हलकं आणि जड?"

"बघणारा चांगला असेल तर दिसतं," फादर म्हणाले.

ॲगीने कोशिंबिरीच्या पातेल्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले. मला वाटले कोबी संपला. तो संपला नव्हता.

मंगळवार, १ एप्रिल

रविवारपासून वालबुर्गाचे दिवस चालू होते, आज संपले. ॲगी त्या कॉलेजाचा निळा स्वेटशर्ट घालून शाळेत गेली आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सेलाही तोच घालून बसली. मी तिचे बारकाईने निरीक्षण केले. ती शांत आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, विचारले तेवढे सांगते. हे मन हलके झाल्याचे लक्षण मानायला हरकत नाही.

एक गंमत नोंदवते. मी तिच्याकडे पाहावे तर तीच आधीपासून माझ्याकडे पाहत असते.

हवा सुधारली आहे. त्यामुळे असेल, मला फार उत्साह वाटतो. काल कित्येक महिन्यांनी पिठले केले. भांडी घासताना वसईकडच्या नंदाखालच्या चर्चमधले माझ्या लहानपणीचे गीत आठवले, ते म्हणून टाकले. ॲगीच्या खोलीला नवे पडदे हवेतच होते, ते मागवले. शनिवार-रविवारी घरी येईल तेव्हा जुन्या पडद्यांतून पहाटेच ऊन डोळ्यांवर येईल.

शनिवार, ५ एप्रिल

ओटिलियाचे दिवस आज संपले. काल तळघरात गोंधळ उडाला. ॲगी हिरवा स्वेटशर्ट घालून ताटे नेत होती.

"थांब!" इर्माबाईंनी तिचा दंड धरला. "रविवारी तू वालबुर्गाची होतीस. मी तुझ्यासाठी अख्खी जपमाळ म्हटली!"

"आता ओटिलियाची आहे."

"आणि पुढच्या शुक्रवारी काय, लूथरन होणारेस?"

सगळे तळघर हसले. ॲगीसुद्धा हसली, पण हसता हसता तिची नजर मला शोधत होती.

तिच्यातली लक्षणे चांगली नाहीत. या तीन दिवसांत ती पहाटेच उठून, अंगावर कोट टाकून अंगणात उभी राहते. बोलते ते भराभर, अर्ध्यावर सोडून दुसरेच बोलू लागते. गुरुवारी जेवायलाच विसरली. सरोवरावरच्या वाऱ्याचा अंदाज रेडिओवर दोनदा ऐकते. वडिलांची काळजी, असे मी समजते. एकूण, अस्वस्थता.

माझीही प्रकृती ठीक नव्हती. डोके धरले होते, तळलेल्या माशामुळे असावे. अशा वेळी मी हाताला काम लावते. मसाल्यांचे कपाट रिकामे करून पुसले आणि लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. ॲगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"झी, हे काल झालं ना?"

"मसाल्यांना हवा लागलेली बरी."

"तू ठीक आहेस?"

"मला काय झालंय?"

 मी सगळ्या बरण्या लावेपर्यंत ती तिथेच उभी होती.

सोमवार, ७ एप्रिल

ॲगीने निर्णय सांगितला. "वालबुर्गा." टोस्टला लोणी लावता लावता सांगितला.

मी तिला जवळ घेतले. लॉरेन, अखेर तुझेच कॉलेज. मी मध्ये आले नाही, याचे समाधान आहे. होकार ती ईस्टरनंतर पाठवणार आहे.

एक गोष्ट मात्र कळत नाही. ओटिलियाचा स्वेटशर्ट तिने चर्चच्या कपडेदानात टाकायला सांगितला होता. मी दानाची पेटी उचलली तर तो पेटीत नव्हता. धुण्याच्या टोपलीत होता, उलटा. रात्री घालून झोपते असे दिसते. पण मग उलटा का?

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

रुडीचे जहाज आज बंदरात आले. मिस्सा संपवून, हातांतल्या झावळ्यांसह आम्ही दोघी थेट बंदराच्या तोंडाशी, कालव्यावर गेलो. पूल वर उचलला गेला. आत यायला जहाजाला वेळ होता, तेव्हा ॲगी म्हणाली, "आता वारा फिरणार. बाबाला चाक डावीकडं द्यावं लागेल." दोन-तीन मिनिटांत माझ्या टोपीवरचा लोकरी गोंडा दुसऱ्या दिशेला उडू लागला. मी विचारले, कसे कळले? ती म्हणाली, "पाण्याचा रंग बघ ना तिकडं." मला सगळे पाणी राखाडीच दिसत होते.

जहाजाने भोंगा दिला, एक लांब आणि दोन आखूड. ॲगी दोन्ही हात वर करून ओरडली. दर वेळी ओरडते. मी दर वेळी नुसती झावळी हलवल्यासारखा हात हलवते, आज हातात खरीच झावळी होती.

रुडीला चार तास मिळाले. जेवताना म्हणाला, "काय झी, वालबुर्गाच्या दिवसांत पिठलं काय, गाणं काय! आणि ओटिलियाच्या दिवसांत म्हणे मसाल्यांची दोनदा अंघोळ."

"तुला कोणी सांगितलं?"

"ॲगीनं. फोनवर. तेवढंच सांगत होती."

मी ॲगीकडे पाहिले. ती ताटातले वाटाणे एका रांगेत लावत होती. स्वतःच्या मनाचे निरीक्षण करायचे सोडून तिने माझ्या मसाल्यांचा वृत्तांत बापाला का द्यावा, याचे मला कुतूहल वाटते.

शनिवार, १९ एप्रिल

हे सविस्तर लिहायला हवे.

उद्या ईस्टर, म्हणून आज पोतित्सा. रुडीच्या आजीने स्लोव्हेनियातून हा गोड पाव आणला, म्हणजे त्याची कृती. त्याच्या आईने तो ॲगीला शिकवला आणि लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांच्या ॲगीने मला. जेवणाच्या टेबलावर चादर घालायची, तिच्यावर कणकेचा गोळा ठेवायचा आणि दोघांनी समोरासमोर उभे राहून, मुठींच्या पाठीवर घेऊन ती कणीक ताणत जायची. चादरीवरची फुले तिच्यातून दिसू लागेपर्यंत. मग अक्रोड आणि मध पसरून गुंडाळायची. एकटीने होत नाही, एका बाजूने ओढले की दुसरी बाजू मागोमाग येते.

अर्धी ताणून झाली होती. ॲगी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी उपवासाच्या शेवटच्या आठवड्यात घरी येऊ शकेन. वालबुर्गाला तेव्हा सुट्टी असते. ओटिलियाला फक्त सोमवार."

"ते तू बघून ठेवलंस?"

"याला दोघी लागतात ना."

"इर्माबाई आल्या असत्या."

"इर्माबाईंची नखं बघितलीस? चाळण होईल याची."

मी हसले, ती हसली नाही. तेव्हा मी तो प्रश्न विचारला. खरे तर दोन आठवड्यांपूर्वी विचारायला हवा होता. "ॲगी, फादरांनी सांगितलं होतं, मन हलकं कधी आणि जड कधी ते बघ. तू काय पाहिलंस?"

"बघितलं की."

"कोणाचं?"

तिने कणकेवरून नजर काढली नाही. "वालबुर्गाच्या वेळी तू गायलीस. मला सात वर्षांत माहीत नव्हतं तुला गाता येतं. पडदे मागवलेस. आणि ओटिलियाच्या वेळी तू मोहरीच्या बरण्या पुसत होतीस. कोऱ्या चेहऱ्यानं. दोनदा. हलकं आणि जड यापेक्षा स्पष्ट कसं असतं झी?"

"अगं पण ते माझं मन होतं."

"मग? मला तेच बघायचं होतं!" तिचा आवाज चढला. "बाबा दहा महिने पाण्यावर. तू कुणाकडं जात नाहीस. ग्रंथालयातसुद्धा पुस्तकांशीच बोलतेस. मी नऊ तास लांब गेले तर तू काय करणारेस इथं? कपाटं पुसणारेस?"

 काहीतरी म्हणावे म्हणून म्हटले, "मला वाटलं, तू आईसाठी वालबुर्गा घेते आहेस."

"आईसाठी? त्या फोटोत आईचा चेहरासुद्धा नीट दिसत नाही. पुढच्या मुलीच्या केसांमागं आहे. मी शोधलं तिला तिथं, खरंच शोधलं. नाही सापडली." मग हळूच म्हणाली, "मी तुझ्यासाठी घेत होते."

 कणीक टरकन फाटली, माझ्या बाजूला, चांगली वीतभर. आम्ही दोघी त्या भोकातून चादरीवरचे एक लाल फूल पाहत राहिलो.

"आणि तू?" मी विचारले. "त्या तीन दिवसांत तुझं मन कुठं होतं?"

तिने फाटलेल्या कडा बोटांनी जवळ आणल्या. मग म्हणाली, "त्या गच्चीवर." आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. तिथे वारा सपाट जमिनीवरून येतो, मध्ये काही नाही, दूरवर गवत वाकताना दिसते आणि वारा येण्याआधी तो दिसतो. बाबाच्या जहाजाला जो वारा लागतो तो आधी त्याच पठारावरून निघतो. तिला तो निघताना पाहायचा आहे. पहाटेची पाळी तिने मनातल्या मनात तीन दिवस केली, आमच्या अंगणात. बोलताना तिचे गाल लाल झाले होते. ते गाल मी आधी पाहिले होते आणि उंचीची भीती म्हणून नोंदवले होते.

मी शाळेत पहिली येत असे. या वहीत मी आतापर्यंत जे जे अनुमान काढले आहे ते सगळे चुकले आहे.

मी म्हटले, "ऐक. तू गेलीस की मला वाईट वाटेल. पुष्कळ वाटेल. तुला दिसलं ते खरंच होतं. पण ते माझं आहे, ॲगी. ते मला वागवता येतं की नाही हे बघायचं काम माझं, तुझं नाही."

"आणि नाही आलं तर?"

"मग बघू ना. मलाही उत्सुकता आहे."

ती रडत होती, पण हे ऐकून तिला हसू आले. कडेची जादा कणीक तोडून आम्ही भोकावर चिकटवली.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

पोतित्सा कापला. ठिगळाच्या जागी अक्रोडाचे वेटोळे जरा जाड आले आहे. इर्माबाईंनी नेमका तोच तुकडा उचलला आणि म्हणाल्या, यंदा सरस झालाय.

मी ॲगीपुढे एक प्रस्ताव ठेवला. फादरांची रीत, पण या खेपेला तीन दिवस माझे. ओटिलिया ठरले, ती गेली, असे समजून मी या घरात एकटी राहीन. तिने इर्माबाईंकडे राहायचे आणि घराकडे फिरकायचे नाही. बघायला ती इथे नसेल, म्हणजे मी तिच्यासाठी चेहरा करणार नाही.

"फोन?"

"कॉलेजातल्या मुली आयांना किती फोन करतात?"

"हे बघ, मग मी एकही करणार नाही," ॲगी म्हणाली. 'आया' हा शब्द तिने तसाच जाऊ दिला. मी इथे लिहून ठेवते.

शुक्रवार, २५ एप्रिल

काल सकाळी ती बॅग घेऊन गेली. रुडीच्या पद्धतीने लिहिते, म्हणजे लबाडी होणार नाही.

काल. कामावरून घरी आले. तिच्या खोलीचे दार बंद केले, मग उघडले, मग अर्धे ठेवले. दोघींचा भात टाकला गेला. जेवताना रडू आले. कपाट उघडले नाही.

आज. फ्रीजरच्या तळाशी आईने वसईहून पाठवलेले सुके बोंबील सापडले. दीड वर्षापूर्वीचे आहेत. ॲगीला त्यांचा वास सोसत नाही म्हणून मी ते कधी बाहेर काढले नाहीत, आणि सोसत नाही हे तिने कधी म्हटलेले नाही, मीच ठरवले. दोनदा भाजले. एकदा चटणी, एकदा कांदा-बटाट्यात. बोटे चाटून खाल्ले. खाताना मोठ्याने गायले, खिडकी उघडी होती. शेजारचे गृहस्थ कुंपणाशी येऊन विचारू लागले, काही जळते आहे का. मी त्यांना चटणी दिली. ते पाणी प्यायले आणि पुन्हा थोडी मागितली.

सात वर्षांत त्यांच्याशी मी पहिल्यांदाच बोलले. ते निवृत्त खलाशी आहेत. पाण्याच्या रंगावरून वारा कसा ओळखायचा, हे उद्या कालव्यावर दाखवणार आहेत.

रविवार, २७ एप्रिल

मिस्सेनंतर ॲगी परत आली. दारातच थांबली.

"झी! हा वास कसला? घरात कुणी मेलंय का?"

"बोंबील."

"म्हणजे मासा? हा मासा आहे?" नाक धरून ती आत शिरली. पडद्यांचा वास घेतला, उशीचा घेतला. "माझ्या खोलीतसुद्धा! तीन दिवस हेच खाल्लंस?"

"काल नाही. काल कालव्यावर होते. पश्चिमेचा वारा असला की पाणी शिशासारखं दिसतं आणि ईशान्येचा असला की हिरवट. तुला माहीतच असेल."

तिने नाकावरचा हात काढला. माझ्याकडे पाहू लागली, तळघरात पाहत असे तशी, नीट आणि सावकाश. मी पाहू दिले.

"रडलीस?" तिने विचारले.

"गुरुवारी. जेवताना."

"आणि नंतर?"

"नंतर खाल्ले ना बोंबील."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता म्हणाली, "घराचं हे असं होणार असेल ना, तर मला नऊ तास लांबच बरं."

बुधवार, ३० एप्रिल

उद्यापर्यंत मुदत होती. संध्याकाळच्या जेवणानंतर ॲगीने संगणक त्याच टेबलावर आणला. स्वेटशर्ट घातला होता, हिरवा, सुलटा. रुडी फोनवर होता. बंदर जवळ नसल्याने आवाज तुटत होता. "वळवा, वळवा," एवढेच स्पष्ट आले.

"बटण तू दाब," ॲगी मला म्हणाली.

"मी नाही. चाक तुझ्या हातात आहे."

तिने डोळे मिटले, क्रूसाची खूण केली, आणि दाबले. मग डोळे उघडून विचारले, "झालं?" झाले होते. ती उठली आणि कोट घालून अंगणात गेली. खिडकीतून मला ती दिसते आहे. तोंड पश्चिमेकडे आहे.

लॉरेन, मी तुझ्या बाजूने बोट दाखवले नाही, हे तुला कळावे. दुसऱ्या बाजूनेही नाही.

कसे वाटले ते लिहीत नाही. बुधवार, ३० एप्रिल, सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. वारा पश्चिमेचा. होकार पाठवला. ओटिलिया.